निळा धागा

आजोबांनी चौकटीचा दोर खिळ्यात अडकवला आणि खुर्चीवरून उतरण्याआधी सवयीने फोटोजवळ डोळा नेला. मग ते तिथेच थांबले.

"डावी बाजू बोटभर खाली आहे," खालून नात म्हणाली. ती दहा वर्षांची होती आणि एक डोळा मिटून बघत होती. घड्याळ उघडल्यावर आजोबा बघायचे, अगदी तसंच. "आजोबा, ऐकताय ना?"

"ऐकतोय."

त्यांनी चौकट सरळ केली आणि खुर्चीची पाठ धरून सावकाश खाली उतरले.

वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई प्रदर्शनासाठी टेबलावर पताका कापत होत्या. त्यांनी मान वर केली आणि कात्री खाली ठेवली.

"अगं बाई. एवढा मोठा कोळी! आता कोपऱ्यातलं कपाट मी काही झाडायची नाही, आधीच सांगते."

"खरा नखाएवढाच असतो," नात म्हणाली. "आणि ती मादी आहे. मागे अंड्यांची पिशवी आहे बघा. ती जाळं विणत नाही, पिशवी घेऊन फिरते. पिल्लं बाहेर येईपर्यंत खाली ठेवत नाही. हो ना, आजोबा?"

"हो."

फोटो तीन फूट रुंद होता. छापणाऱ्याने तो सकाळी कागदात गुंडाळून थेट वाचनालयात पोचवला होता, त्यामुळे आजोबाही तो आत्ताच पहिल्यांदा एवढा मोठा बघत होते. आठ डोळे, पायांवरचे केस, आणि शरीराच्या मागच्या टोकाला चिकटलेला पांढरा गोळा. त्या गोळ्यातून एक बारीक निळा धागा बाहेर आला होता. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो दिसला नव्हता. खाली बाईंच्या सुवाच्य अक्षरात पट्टी होती : 'आई. कुंडीखाली, जशी होती तशी.'

आजोबांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. हात अजून स्थिर होता, म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी कॅमेरा घेतला. दर शनिवारी ते वाचनालयातल्या मुलांना मुंग्या, ढालकिडे, कोळी यांचे फोटो काढायला शिकवायचे. मुलं त्यांना भिंगआजोबा म्हणत. त्यांचा नियम एकच होता, आणि तो मुलांना तोंडपाठ होता : काडी लावायची नाही, उचलायचं नाही, वाट बघायची. "किडा आपल्या घरी आलेला नाही," ते म्हणायचे. "आपण त्याच्या घरी गेलोय. पाहुण्यासारखं वागायचं."

मागच्या महिन्यात, प्रदर्शनाला फोटो देण्याच्या शेवटच्या दिवशी, त्यांनी अंगणातली कुंडी कलती केली आणि ती मादी दिसली. खाली उजेड नव्हता. ती सारखी सावलीत सरकत होती. त्यांनी तासभर वाट पाहिली. मग आतून पांढरी बशी आणली आणि रंगाच्या कुंचल्याने तिला हलकेच बशीत ढकललं. ढकलताना पिशवी सुटून पडली. ती शोधायला ते वाकले, तेवढ्यात दुसऱ्या हातातली कुंडी निसटून खाली बसली. परत उचलली तेव्हा कुंडीच्या कडेला थोडा ओलसर डाग होता, बाकी काही नाही.

बशीत मादी गोल गोल फिरत होती. मागचे पाय मागे चाचपत होते. थांबायची, परत फिरायची.

आजोबा आत गेले. कामाच्या टेबलावरचा थोडा कापूस घेऊन त्यांनी दोन बोटांत वळला, घड्याळं पुसायच्या फडक्यावर घोळून घट्ट केला आणि चिमट्याने बशीत सोडला. तिने तो लगेच धरला. मागे चिकटवला आणि स्थिर झाली. त्यांनी बटण दाबलं. इतका चांगला फोटो त्यांनी आजवर काढला नव्हता.

ते फडकं निळं होतं. नातीचा जुना फ्रॉक फाडून केलेलं.

पाच वाजता मुलं आली. सगळे त्या फोटोपुढे गोळा झाले. कोणी पायांवरचे केस मोजत होतं, कोणी म्हणत होतं, ही माझ्या मावशीसारखी दिसते, सकाळी उठल्यावर. नात पुढे उभी राहून माहिती देत होती. बोलता बोलता तिचं बोट गोळ्यापाशी गेलं आणि तिथेच राहिलं. ती आणखी जवळ गेली. एक डोळा मिटला.

आजोबा तिच्या मानेकडे बघत होते. मान वळली नाही.

"हा निळा दोरा कसला गं?" चष्मेवाल्या एका मुलीने विचारलं. "कोळी निळे दोरे काढतात?"

नातीने बोट मागे घेतलं.

"वाऱ्याने आला असेल," नात म्हणाली. "कुठूनही येतं काहीबाही. अडकलं असेल."

ती हे फोटोकडे बघतच म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. तिला खोटं बोलता यायचं नाही. घरात सगळे त्यावरून तिला चिडवायचे.

चष्मेवाल्या मुलीला ते पटलं आणि ती ढालकिड्याच्या फोटोकडे वळली. ग्रंथपाल बाईंनी टाळी वाजवली. "चला, आता भिंगआजोबा सांगतील, हा फोटो कसा काढला ते. शांत बसा बघू."

मुलं सतरंजीवर बसली. नात सगळ्यांच्या मागे जाऊन बसली. आजोबांना बसायला खुर्ची होती, ते उभेच राहिले. खिशातून भिंग काढून त्यांनी चष्मेवाल्या मुलीकडे दिलं.

"परत बघ," ते म्हणाले. "तिथे वारा नव्हता."

मग त्यांनी सांगितलं. कुंडी, कुंचला, बशी, डाग, कापूस. घड्याळ उघडून एकेक चाक कागदावर ठेवावं तसं, क्रमाने. मध्ये एकदा थांबले आणि मागच्याच वाक्यापासून परत सुरू केलं. ग्रंथपाल बाई हातातल्या पताकेची घडी घालत होत्या, उलगडत होत्या.

"मग तिला कळलं का?" पुढच्या मुलाने विचारलं. "की ती अंडी नाहीत?"

"नाही कळलं. मी तिला कुंडीखाली परत सोडलं. ती कापूस घेऊन गेली."

"किती दिवस?"

"मी बारा दिवस पाहिली. दुपारी उन्हात यायची. गोळा उन्हाकडे करून बसायची. अंड्यांना ऊब मिळावी म्हणून बसतात तशी."

मागून नातीचा आवाज आला.

"आणि तुम्ही रोज बघत होतात?"

"हो."

"मला बोलावलं नाहीत."

"नाही बोलावलं."

आजोबांनी खुर्ची ओढली, तिच्यावर चढून चौकट उतरवली आणि तोंड भिंतीकडे करून ठेवली. बाई म्हणाल्या, राहू द्या हवं तर, नुसती पट्टी बदलू. आजोबा म्हणाले, "मीच लिहून आणतो. मग लावा."

घरी निघाले तेव्हा अजून ऊन होतं. नात दोन पावलं पुढे चालत होती, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर चढत, उतरत. आजोबांच्या एका हातात कॅमेऱ्याची पिशवी होती. दुसरा हात मोकळा होता.

मोठ्या रस्त्याशी ती थांबली. रस्ता ओलांडताना ती नेहमी त्यांचं बोट धरायची. तिने दोन्हीकडे पाहिलं, गाड्या जाऊ दिल्या. मग पिशवी होती त्या बाजूला आली आणि तिचा बंद धरला.

ते रस्ता ओलांडून गेले.