पाय टेकण्यापुरती जागा

चौकातला दगड कुणीतरी उचलून नेला होता, आणि हे मला कळलं ते पाय खाली सोडल्यावर.

सिग्नल लाल झाला म्हणून मी रोजच्या सवयीने डावीकडे सरकले, ब्रेक दाबला, दगडावर टेकायला डावा पाय सोडला आणि पाय नुसता खाली जातच राहिला. आधी मी, माझ्यावर सायकल, आणि कॅरियरवरची रक्ताच्या नळ्यांची पेटी जरा पलीकडे, असे आम्ही तिघं रस्त्यावर पसरलो. मागच्या गाडीवाल्याने काच खाली करून विचारलं, "काकू, झोप लागली का?" मी त्याला काहीतरी बोलले. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पेटी उघडली तर तेवीस नळ्यांपैकी अकरा फुटलेल्या. म्हणजे अकरा घरची माणसं उद्या पुन्हा उपाशीपोटी माझी वाट बघत बसणार.

माझी उंची चार फूट सात इंच. तपासणी केंद्राची ही सायकल वीस-एकवीस वर्षांपूर्वी घेतलेली, तीही माझ्याआधी घरोघर जाऊन रक्त आणणाऱ्या एका ताडमाड माणसासाठी. तो नोकरी सोडून गेला. त्याचं काम माझ्याकडे आलं, आणि कामाबरोबर सायकल. पाय पुरतात का, असं कुणी विचारलं नाही. मीही बोलले नाही. नोकरीची इतकी गरज होती की त्या दिवशी डॉक्टरांनी हत्ती दिला असता तरी मी "येतो चालवता" म्हटलं असतं.

चालवता येतच होती. थांबवता येत नव्हती. सीट पार खाली बसवूनही माझे पाय जमिनीपासून वीतभर वर राहायचे. त्यामुळे लोक रस्ते दुकानांवरून ओळखतात, ते मी उंचवट्यांवरून ओळखायला लागले. चौकात दगड. औषधाच्या दुकानापाशी पदपथाची कड. शाळेपाशी नळाचा ओटा. तेवीस घरं, आणि प्रत्येक घराशी पाय टेकायला काही ना काही. सगळ्यात सोयीची एका आजींच्या घरची पायरी, चांगली रुंद आणि उंच. मी तिच्यावर पाय टाकला की पॅडल दगडावर आपटायचं, आणि पुढच्याच खोलीत झोपलेल्या आजी आतून म्हणायच्या, "आला गं डास. सूनबाई, बाही वर कर माझी." आजींना धड दिसत नाही. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. आठवड्यातून दोनदा येऊन रक्त पिणारा तो डास, एवढी ओळख त्यांना पुरते. त्यांची शीर मनगटाच्या आतल्या बाजूला, अंगठ्याच्या जरा खाली सापडते. ती शोधायला मला एक अख्खा महिना लागला होता.

हे पाय टेकण्याचं प्रकरण मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. आणि आता पदपथ सपाट आणि सुंदर करायचं काम निघालं होतं. दगड गेला. नळाचा ओटाही फोडून ठेवला होता.

डॉक्टर चिडले नाहीत. ते कधीच चिडत नाहीत, आणि त्यामुळे त्यांच्यावर चिडायची सोय राहत नाही.

"लागलं नाही ना फार?" त्यांनी विचारलं. "बाई, तुम्ही आता बावन्नच्या झालात. सोमवारपासून आत बसा. नळ्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, रजिस्टर लिहायचं. पंख्याखाली आरामात काम. बाहेरचं ती नवी स्कूटरवाली मुलगी बघेल."

आतली खोली मला माहीत होती. तिला खिडकी नाही. आणि तिथे नुसत्या नळ्या येतात, हात येत नाहीत. मला माणसांचे हात लागतात. सकाळी दार उघडून, तोंडसुद्धा न धुतलेला माणूस निमूटपणे आपला हात माझ्यापुढे करतो, या गोष्टीवर माझं एकोणीस वर्षं पोट भरलंय, आणि मी पगाराबद्दल बोलत नाहीये.

"डॉक्टर, सायकल मोठी पडते मला. म्हणून पडले," मी पहिल्यांदाच सांगितलं. "माझ्या मापाची आणली तर?"

डॉक्टरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याला फार वेळ लागत नाही.

"आणा की. सोमवारी सहाला पेटी निघते, त्याआधी आणा," ते म्हणाले.

त्या दिवशी गुरुवार होता. शुक्रवारी दुपारी मी सायकलींच्या मोठ्या दुकानात गेले. काचेमागे दीडएकशे सायकली उभ्या होत्या. विक्रेता हसतमुखाने पुढे आला. "या ना. मुलगी कितवीत आहे?"

"मुलगी लग्न होऊन गेली. सायकल मला हवीय."

त्याचं हसू जरा हललं, पण त्याने ते पुन्हा बसवलं. मला तो मुलांच्या विभागातच घेऊन गेला. एक जांभळी सायकल, हँडलला झिरमिळ्या, घंटी बदकाच्या तोंडाची. बसले. पाय टेकले, हे खरं. पण पॅडल मारायला लागले तर गुडघे हँडलवर आपटायला लागले. दांड्यावर एक चिठ्ठी होती, पस्तीस किलोपर्यंतच. मी चोपन्न किलोची, वर पेटी.

"मोठ्या माणसांसाठीची लहान नाही का?" मी विचारलं.

"मॅडम, तशी मागणी नसते."

"मी काय करतेय मग इथे?"

तो हँडलच्या झिरमिळ्या सारख्या करायला लागला. पुढच्या दुकानातल्या मालकाकडे मात्र प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. त्याने बायकांची म्हणून एक सायकल काढली, सीट खाली ठोकली आणि मला वर चढवलं. दोन्ही पायांचे अंगठे कसेबसे फरशीला लागले.

"बघा, टेकले की," तो म्हणाला.

"अंगठे टेकलेत. पाय नाही टेकले."

"ताई, सायकल चालवायची असते हो. उभी कुठे करायची असते?"

मी त्याला शांतपणे सांगायचा प्रयत्न केला की माझ्या कामात सायकल चालते कमी आणि थांबते जास्त. तेवीस घरं म्हणजे तेवीस थांबे, शिवाय सिग्नल, शिवाय आडवी येणारी कुत्री. तो म्हणाला, सवय होते. एकोणीस वर्षांची सवय होती म्हणूनच तर मी त्याच्या दुकानात उभी होते. तिसऱ्या दुकानात घडीची सायकल दाखवली. तिला कॅरियरच नव्हतं, पण घडी घालून पिशवीत भरता येते हे दुकानदाराने मला चार वेळा दाखवलं. चौथ्या दुकानात मी दारातूनच विचारलं आणि दारातूनच परत आले.

आमचे हे सहा फूट उंच. लग्नात फोटोवाल्याने मला स्टुलावर उभं केलं होतं, आणि हे अजूनही आल्यागेल्याला ते सांगतात. रात्रीच्या जेवणावर यांनी डोकं चालवलं.

"अगं, जाड टाचांचे बूट घे."

"पॅडलवरून घसरतात."

"मग सीटच काढून टाक."

"अहो, थट्टा नकोय मला आत्ता."

"थट्टा कुठे करतोय?" हे म्हणाले. खरंच करत नव्हते, आणि त्याचाच मला जास्त राग आला. एकोणीस वर्षं हा माणूस मला त्या सायकलवर जाताना बघत होता आणि मी घराच्या पायरीवरूनच का चढते, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. मी ताट उचललं आणि उठले.

शनिवारी गल्लीच्या टोकाच्या मिस्त्रीकडे गेले. दुकान कसलं, पत्र्याखालची एक भिंत. मिस्त्री म्हातारा आणि तिरसट, मान वर करून बोलत नाही. मी म्हटलं, "माझी उंची चार फूट सात..."

"उंची कुणी विचारली? पाय किती?"

पाय किती, ते मला ठाऊक नव्हतं. त्याने मला भिंतीला टेकून उभं राहायला सांगितलं, हातात एक जाड पुठ्ठा दिला, पायांमध्ये वरपर्यंत आडवा धरून भिंतीवर खडूने खूण करा म्हणाला आणि पाठ वळवून उभा राहिला. मग जमिनीपासून खुणेपर्यंत टेप धरला. साडेचोवीस इंच. त्याने तोच टेप माझ्या सायकलला लावला आणि पहिल्यांदा मान वर केली.

"ही चालवता? किती दिवस?"

"एकोणीस वर्षं."

"आणि पडला नाहीत?"

"परवा. पहिल्यांदाच."

मिस्त्रीने हात फडक्याला पुसले. मग मागून त्याने एक सायकल ओढत आणली. ठेंगणी, बारक्या चाकांची, जाड नळ्यांची. एका बेकरीची पाव वाहायची सायकल होती. बेकरीवाल्यांनी गाडी घेतली आणि ही इथे टाकून दिली.

"दिसायला खेचर आहे. पण नव्वद किलो वाहिलंय हिने. सीटची दांडी कापतो. पॅडलचे दांडे लांब आहेत, गुडघा हनुवटीला लागेल तुमच्या. आखूड घालून देतो. मग बसाल."

"दिसण्याचं सोडा. उद्या मिळेल?"

"मिळेल."

रविवारी मी तीनदा गेले. सकाळी दांडी कापून झाली होती. दुपारी आखूड दांडे मिळाले नव्हते. संध्याकाळी मिळाले होते, पण बसत नव्हते. मी तिथेच उभी राहिले तर तो म्हणाला, "बाई, तुम्ही बघत राहिल्याने ते बसणार नाहीत. पहाटे साडेपाचला या."

सोमवारी साडेपाचला दुकानाला कुलूप. पावणेसहालाही कुलूप. सहा वाजता मी त्या कुलपाशी एकटीच बोलायला लागले होते. सहा वाजून पाच मिनिटांनी मिस्त्री आला, त्याने सायकल बाहेर काढली, शेवटचा बोल्ट आवळला आणि बाजूला झाला.

मी बसले. दोन्ही पाय जमिनीला लागले. अंगठे नव्हे, टाचांसकट अख्खे तळवे. मी तशीच बसून राहिले. घड्याळ पुढे जात होतं, राग डोक्यात होताच, तरी मला उठवेना.

"आता चालवूनपण बघा," मिस्त्री म्हणाला आणि दुसरीकडे बघायला लागला.

केंद्रावर पोचले तेव्हा सव्वासहा वाजून गेले होते. पेटीची जागा रिकामी होती. डॉक्टर दाराशी आले, त्यांनी माझी सायकल पाहिली. "छान आहे हो," ते म्हणाले. "पण मी सहा म्हटलं होतं."

"उद्या येते ना वेळेवर."

त्यांनी चष्मा काढला. "बाई, ती मुलगी स्कूटरवर सव्वा तासात सगळी घरं करून येईल. तुम्हाला अडीच तास लागतात. मी आणखी कसं सांगू?"

म्हणजे हे गुरुवारीच ठरलेलं होतं. सोमवार नुसता मला समजावण्यासाठी होता. चार दिवस मी दुकानादुकानांतून अंगठ्यांवर नाचले, ते डॉक्टरांना तोंडावर नाही म्हणता येत नव्हतं म्हणून. माझा संताप संताप झाला. मी आत गेले आणि चिठ्ठ्या लावायला बसले. पहिल्या तीन तिरक्या लागल्या.

साडेसातला स्कूटरवाली परत आली. पोरगी वाईट नाही. बावीस नळ्या तिने नीट लावून ठेवल्या आणि ओशाळून म्हणाली, "त्या पायरीवाल्या आजींचं नाही जमलं. दोनदा टोचलं, शीरच सापडली नाही. मग त्यांनी मूठ मिटली ती उघडेचनात."

डॉक्टर आतल्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. "त्या एका घरी तुम्ही जाऊन येता का?"

नाही म्हणायचं माझ्या अगदी तोंडावर आलं होतं. पण आजींची मिटलेली मूठ डोळ्यांपुढे आली, दोन फुकटच्या सुया आल्या, आणि मी एक नळी, एक सुई आणि कापूस पिशवीत टाकून उठले.

चौकात सिग्नल लागला. मी मुद्दाम डावीकडे सरकले नाही. रस्त्याच्या मधोमध थांबले आणि दोन्ही पाय टेकले. जिथे दगड होता तिथे आता नवी गुळगुळीत फरशी होती. माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. आता मला या गावात कुठेही थांबता येत होतं आणि थांबायला घर एकच उरलं होतं. रडू आलं, पण सिग्नल सुटला.

आजींच्या दारापुढे मी रस्त्यावरच उतरले, सायकल स्टँडला लावली आणि कडी वाजवली. आतून सूनबाईंचा आवाज आला. "नको म्हणून सांगितलंय ना. आई हात द्यायला तयार नाहीत. किती वेळा टोचणार आहात?"

पुन्हा ती स्कूटरवालीच आली, असं त्यांना वाटलं असणार. हाक मारावी म्हणून मी तोंड उघडलं आणि काय म्हणू ते सुचेना. नाव सांगून आजींना कळलं नसतं. आणि डास आलाय, असं आपल्याच तोंडाने कसं म्हणायचं?

मी परत खाली गेले. सायकल दहा पावलं मागे नेली, वर बसले, चालवत आले आणि पायरीला अगदी खेटून थांबवली. डावा पाय उचलून पायरीवर टाकला. सायकल आता इतकी ठेंगणी होती की गुडघा पार पोटाशी आला. मग पॅडल दगडावर आपटलं, नेहमी आपटायचं तसं.

आत खाट करकरली.

"आला गं डास," आजी म्हणाल्या. "सूनबाई, बाही वर कर माझी."