एन म्हणजे नवी

आमचे सासरे निवृत्त झाले आणि मी बेघर झाले. म्हणजे घर होतं, पण त्यात माझी म्हणावी अशी जागा उरली नाही. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे उभे राहिले, आणि मी भाजी चिरायला घेतली की मागून सूचना येऊ लागल्या. सासूबाई एकदा हळूच म्हणाल्या, "यांना कुठेतरी चिकटव गं बाई."

चिकटवण्याजोगी जागा एकच होती, हॉस्पिटलची कॉम्प्युटर-खोली. बाबा, म्हणजे आमचे सासरे, तिथूनच निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीवर मी बसले. साहेबांना सल्लागार हवा होता. मी बाबांचं नाव पुढे केलं. साहेब म्हणाले, "येत्या शुक्रवारी पॅच टाकायचेत ना? त्यांच्या देखरेखीखाली नीट पार पडले, तर नेमणूक पक्की." सल्लागाराची खोली पलीकडच्या इमारतीत होती. मी देव पाण्यात घालून बसले.

पॅच म्हणजे सिस्टिमला लावायचं ठिगळ. ते लावताना एखादी फाइल तुम्ही हाताने बदललेली सापडली, की मशीन अडतं. ही तुम्ही बदललेली दिसते, हिच्या जागी नवी घालू का, असं विचारतं. घालायची तर वाय, नसेल तर एन. प्रश्न इंग्रजीत असतो आणि लांबलचक असतो.

शुक्रवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. साहेबही मागे येऊन उभे राहिले. मशीन नेमकं प्रिंटरच्या फाइलवर अडलं.

"एन दाब," बाबा म्हणाले.

"म्हणजे जुनीच ठेवायची?"

"जुनी कशाला? एन म्हणजे नवी. वाय म्हणजे वायफळ. आयुष्यभर हेच करत आलो. साहेब, मी कधी जुन्याला कवटाळून बसलो नाही."

साहेबांनी कौतुकाने मान डोलावली. माझा हात मात्र जागच्या जागी थांबला. म्हणजे बाबा इतकी वर्षं प्रत्येक नव्या फाइलला नको म्हणत आले होते आणि घरी येऊन आपण किती आधुनिक आहोत ते आम्हाला ऐकवत होते.

बोलावं तर त्यांची अब्रू जाते, नेमणूकही जाते, आणि अब्रू गेलेला माणूस दिवसभर घरी बसतो. मी ठरवलं, त्यांना नवी हवी आहे ना, मग नवीच घालू. त्यांचा शब्दही राहील आणि मशीनही सुधारेल. मी जरा पुढे वाकले आणि वाय दाबलं.

चहा यायच्या आत रिपोर्टच्या खिडकीवरून फोन आला. लॅबचे सगळे प्रिंटर मुके झाले होते. प्रिंटर जुने, त्यांची भाषा जुनी, आणि ती भाषा बाबांनी कधीकाळी स्वतः त्या फाइलमध्ये लिहून ठेवली होती. नव्या फाइलला ती ठाऊकच नव्हती. खिडकीपुढे लोक आवाज चढवू लागले.

"तुम्ही काय दाबलंत?" साहेबांनी विचारलं.

स्क्रीनवर अक्षर ढळढळीत दिसत होतं. "वाय."

"मी एन सांगितलं होतं," बाबा म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळहळले.

नशिबाने मशीन जुनी फाइल फेकून देत नाही, बाजूला ठेवतं. ती मी परत जागेवर आणली आणि प्रिंटर खडखडू लागले. मग मला राहवेना. "बाबा, एन म्हणजे नो. नवी नको, असं होतं ते."

त्यांनी क्षणभर विचार केला आणि मायेने विचारलं, "मग नवी नको म्हटल्यावर सगळं सुरू कसं झालं?"

याला उत्तर होतं. पण ते सांगायला अर्धा तास आणि फळा लागला असता, आणि साहेब बाबांचा हात हातात घेऊन उभे होते. मला रडू येण्याइतका राग आला. त्यातच बाबांचा चेहरा दिसला. निवृत्तीनंतर तो इतका उजळलेला मी पाहिला नव्हता, आणि धड रागावताही येईना म्हणून मी आणखी चिडले.

नेमणूक तिथेच झाली. फक्त साहेबांनी एक बदल केला. "पलीकडच्या इमारतीत नको. इथेच सूनबाईंशेजारी बसा. त्यांच्यावर लक्ष राहील."

संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, कामात कशी आहे आपली सून?

"पोरगी हुशार आहे," बाबा म्हणाले. "एकच खोड आहे. दाबायच्या आधी वाचते."