परंपरेत न बसणारी खुर्ची

आमची आत्या स्वतःच्याच भूमिकेत नापास झाली.

आत्या जन्मभर घरापुढच्या ओट्यावर टोपल्या विणतेय. गल्लीत पर्यटक येऊ लागले तशी एक कंपनी आली आणि गल्लीच्या तोंडाशी ‘जिवंत परंपरा’ अशी पाटी लागली. तोवर आपण जिवंत आहोत याची आम्हाला एवढी खात्री नव्हती. मला गाइडची नोकरी लागली. समोरच्या शिंप्याला मशीन सोडून हाताने शिवायला बसवलं. पर्यटक गेले की तो सगळं उसवून पुन्हा मशीनवर शिवतो.

घोडं अडलं ते आत्याच्या निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीपाशी.

“आजी, खाली बसा,” मॅनेजर म्हणाला. “खुर्ची फोटोत बरी दिसत नाही.”

“आजी असेल तुझ्या घरी. माझे गुडघे गेलेत. खाली बसले की उठवायला क्रेन लागेल. ती बरी दिसेल का?”

“पण पूर्वी लोक जमिनीवरच बसायचे.”

“पूर्वी गुडघेही पूर्वीचेच होते.”

ओटा घरमालकाचा, आणि घरमालक आता कंपनीच्या खिशात. त्यामुळे ठरलं असं, की सोमवारपासून आत्याने दार लावून आत विणायचं आणि ओट्यावर दुसरीच ‘आत्या’ बसणार. ही दुसरी म्हणजे साबणाच्या जाहिरातीतली एक मुलगी. टोपली उलटी धरायची, पण मांडी सुरेख घालायची.

“ओटा सोडून मी कुठेही जाणार नाही,” आत्या म्हणाली, आणि सोमवारी सकाळी ओटा सोडून थेट माझ्या रांगेत येऊन उभी राहिली. डोक्यावर माझी उन्हाची टोपी, एका हातात तिकीट, दुसऱ्या हातात खुर्ची.

गल्ली दाखवून झाली. आत्याने हात वर केला. “गाइडसाहेब, ते ऑफिस राहिलं की!”

मी पगाराचा विचार केला. पगार लहान होता, विचार लवकर संपला. सगळी वरात ऑफिसात नेली.

“हा मॅनेजर,” मी म्हणालो. “जिवंत आहे.”

“सही करून दाखवा ना!” आत्याने मोबाइल रोखला. “हळू हो, फोटो हलतोय. आणि खाली बसून करा. पूर्वी कारकून जमिनीवरच बसायचे. खुर्ची फोटोत बरी दिसत नाही.”

पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या. तिकीटवाल्या पाहुण्याला नाही म्हणायचं नाही, हा कंपनीचाच नियम. तो भिंतीवर लावलेलाही होता, मॅनेजरच्या सहीनिशी. मॅनेजर खाली बसला. उठायला गेला तेव्हा गुडघ्यातून ‘कट्ट’ असा आवाज आला. एका पर्यटकाने तो पुन्हा काढायला लावला.

“धर,” म्हणत आत्याने निळी खुर्ची पुढे केली. खुर्चीला धरून मॅनेजर कसाबसा उभा राहिला.

आत्याने खुर्ची उचलली, परत येऊन ओट्यावर मांडली आणि बसली. शेजारी ती मुलगी मुंग्या आलेले पाय चोळत होती. तिच्या हातातली टोपली आत्याने सुलटी केली.

मॅनेजर लंगडत मागोमाग आला. आधी मला नोकरीवरून काढलं, मग ओरडला, “ही खुर्ची परंपरेत बसत नाही!”

“मग परंपरेला सांग, उभी राहा म्हणावं.” आत्याने बांबूची पुढची कांबटी ओवली. “मी बसलेय.”

मुलीने हळूच विचारलं, “आत्या, अजून एखादी खुर्ची आहे?”

“आत लाल आहे. आण जा.”