तिसऱ्या गिअरमधली कुईं

पहिल्या गिअरमध्ये गाडी गप्प असायची, दुसऱ्यातही. तिसरा टाकून अ‍ॅक्सिलरेटर दाबला की कुठूनतरी बारीक, लांबट ‘कुईंऽऽ’ सुरू व्हायचं. पाय काढला की बंद. मी शाळेत भूगोल शिकवतो, गाडीतलं मला डिझेल भरण्यापलीकडे काही कळत नाही. पण मी बहिरा नाही.

मेहुणा म्हणाला, गिअरबॉक्स गेला. शेजारचा ड्रागोल्यूब म्हणाला, टायर. शाळेचा शिपाई म्हणाला, सर, हल्ली डिझेलच भेसळीचं मिळतं. तिघांनी माझं वर्णन ऐकलं, तिघांनी मान डोलावली आणि तीन दिशांना तीन बोटं दाखवली.

गाडी अर्थातच ओब्राडकडे गेली. ओब्राड माझा कूम. माझ्या लग्नात तो साक्षीदार म्हणून शेजारी उभा होता, माझ्या मुलीला बाप्तिस्म्याला त्यानंच हातावर घेतलं. आमच्याकडे सख्ख्या भावाशी भांडलं तर लोक समजून घेतात, कूमशी भांडणाऱ्याच्या दारात मात्र कुणी उभं राहत नाही. त्यात कूम स्वतः मेकॅनिक असताना, मोरावा नदीकाठच्या एवढ्याशा गावात गाडी दुसऱ्याकडे न्यायची म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकायचं. गाडी गेली तर दुसरी येईल, कूम कुठून आणायचा?

शिवाय ओब्राडच्या कानाची ख्याती होती. गाडी कोपऱ्यावरून वळायच्या आत तो सांगायचा, कितवा सिलिंडर कुरकुरतोय.

त्यानं गाडी चालवली, मी शेजारी बसलो. तिसरा गिअर पडला आणि कुईंऽऽ!

“हे! हेच!” मी ओरडलो.

“काय हेच?”

“अरे, हा आवाज!”

“इंजिन आहे, आवाज करणारच. तुला सायकल हवी होती का?”

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण त्याच्या तोंडावर चेष्टा नव्हती. तरी माझ्या समाधानासाठी म्हणून त्यानं इंजिनाचा पट्टा बदलला आणि चांगला आवळून बसवला. कुईं राहिली. पुढच्या आठवड्यात स्टीअरिंगचं तेल बदललं. कुईं राहिली, उलट थोडी वाढली असं मला वाटलं. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यानं हातातलं फडकं बाकावर आपटलं.

“गाडीत काही नाही. तुझ्या कानात आहे. जिल्ह्याच्या दवाखान्यात कानाचा डॉक्टर बसतो, जा आणि दाखवून ये!”

आता माझंच डोकं फिरायची वेळ आली. गावातला सगळ्यात तिखट कान म्हणतो आवाज नाही, मग मला ऐकू येतंय ते काय? ल्युबिंकाला, म्हणजे बायकोला, विचारलं. “येतो ना,” ती म्हणाली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, ती माझ्या बाजूनं कधी बोललेली नाही, म्हणजे तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नव्हती. पण मग ओब्राड खोटा? छे! रात्र रात्र मला काही सुधरेना. शेवटी गेलो डॉक्टरकडे.

डॉक्टरीणबाईंनी कानांवर यंत्र चढवलं, हातात बटण दिलं आणि आवाज आला की दाबा म्हणाल्या. जाडे आवाज आले, मग बारीक होत गेले. शेवटी आली ती माझी कुईं, हुबेहूब. मी बटण दाबलं.

“पोरसवदा कान आहेत तुमचे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “हा शेवटचा आवाज तुमच्या वयाच्या बऱ्याच जणांना येत नाही. आणि गेलाय हे त्यांना कळतही नाही. बाकीचं सगळं ऐकू येत असतं ना!”

बाहेर येऊन मी बाकावर बसलो. आपण बरोबर ठरलो म्हणून इतकं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

गावात शिरलो तर ओब्राड वर्कशॉपच्या दारातच उभा.

“काय म्हणाला डॉक्टर?”

“कान बिघडलेत म्हणाला,” मी बेधडक ठोकून दिलं. “माझेच. तुझं बरोबर होतं.”

 तो आत गेला, कॉफीचं भांडं चढवलं आणि पाठमोराच बोलला.

“यंदा रातकिडे आलेच नाहीत, असं मी परवा बायकोला म्हटलं. अंगणात बसलो होतो आम्ही. तिनं नुसता माझा हात धरला.” भांड्यातली कॉफी उतू गेली, त्याचं लक्ष नव्हतं. “तुला खोटं बोलता येत नाही रे. शाळेत होतो तेव्हाही येत नव्हतं.”

मला रडू आलं. त्यानं राकियाचा, म्हणजे घरच्या फळांच्या दारूचा, एक पेला माझ्यापुढे सरकवला आणि लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर उचलला.

“चल, ऊठ. मूठ कानाला लाव. टोक मी सांगतो तिथे ठेव. पट्ट्यापासून बोटं लांब!”

एका हातानं जागा दाखवत दुसऱ्या हातानं तो इंजिनाचा वेग वाढवत गेला. “पाण्याचा पंप. इथे?”

“नाही.”

“स्टीअरिंगचा पंप?”

“थोडा. लांबून आल्यासारखा.”

“डायनमो?”

कानात सुई घुसल्यासारखं झालं. मी दचकून मागे सरलो आणि त्याला हसू फुटलं.

“मास्तर, सापडलं!”

डायनमो उतरवला, त्यातलं बेअरिंग त्यानं बोटावर फिरवलं. ते खरखरत होतं आणि ती खरखर त्याच्या बोटांना बरोब्बर कळली. नवं बसवेपर्यंत दुपार कलली. मग आम्ही नदीकाठच्या रस्त्याला लागलो. त्यानं तिसरा गिअर टाकला, अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि समोर बघतच विचारलं,

“गेला?”

मी कान दिला. जवळजवळ गेला होता. अगदी बारीक, असून नसल्यासारखं काहीतरी उरलं होतं. ते मी सांगितलं नसतं तर त्याला कधीच कळलं नसतं. त्याचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते आणि तो ओठ आवळून वाट बघत होता.

“थोडा राहिलाय,” मी म्हणालो.

“पट्टा मीच जास्त आवळलाय,” तो म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यानं मोकळा श्वास सोडला आणि गाडी वर्कशॉपकडे परत वळवली.