टॅफीची मधपेट्यांवरची नोकरी

मी टॅफी बोलतेय. जात विचाराल तर थोडी लॅब्राडोर, थोडी आणखी कुणीतरी. नोकरी विचाराल तर अमेरिकेतल्या एका राज्याच्या कृषी खात्यात, आणि पगार म्हणजे एक पिवळा टेनिस बॉल.

लहानपणी मला दोन घरांनी पाळलं आणि दोन्ही घरांनी परत आणून सोडलं. "ही कुत्री आहे की वादळ?" असं एक बाई म्हणाली होती. मग बेवारस कुत्र्यांच्या त्या आश्रमात डार्लीन आली. ती कृषी खात्याची मधमाश्यांची तपासनीस. तिने बॉल उंच गवतात फेकला. मी तो शोधल्याशिवाय परतच येईना, तेव्हा ती हसून म्हणाली, "मला हीच पाहिजे."

तिने मला एकच वास शिकवला. मधमाश्यांच्या अळ्या सडवणारा एक रोग असतो. तापवलेल्या सरसासारखा, कुजकट वास. तो आला की पेटीसमोर नुसतं बसायचं. भुंकायचं नाही, पंजा मारायचा नाही. रोग सापडला की खातं ती पेटी जाळायला लावतं, कारण त्याचं बी लाकडात वर्षानुवर्षं जिवंत राहतं आणि शेजारपाजारच्या माश्या तो घरी घेऊन जातात. आम्ही जायचो थंडीत. तेव्हा माश्या आत एकमेकींना बिलगून बसलेल्या असतात आणि माझं नाक शाबूत राहतं.

वेंडेल टॉज हा माझा आवडता मधपाळ. म्हातारा, एकटा, तोंडाने फटकळ. पण खिशात माझ्यासाठी कायम चीज. दर हिवाळ्यात त्याच्या पेट्या ट्रकवर चढून कॅलिफोर्नियातल्या बदामाच्या बागांत परागीकरणासाठी भाड्याने जायच्या. पेट्या निरोगी असल्याचा आमचा दाखला असल्याशिवाय मात्र त्या राज्याबाहेर पडू शकत नसत.

त्या वर्षीही आम्ही गेलो. "आलीस का गं, सरकारी नाक!" म्हणत त्याने मला चीज दिलं. माणूस घाबरला की त्याच्या तळहाताचा वास बदलतो. त्या दिवशी त्या हातांना तो वास होता.

मी सगळ्या रांगा हुंगल्या. कुठेच काही नाही. डार्लीनने माझा पट्टा सोडला, बॉल फेकला आणि दाखला लिहायला गाडीच्या टपावर कागद पसरला. बॉल घरंगळत कोठारामागे गेला. मी धावले, आणि वाटेतच थबकले. ताडपत्रीखाली काहीतरी होतं. बॉल तिथेच राहिला. मी बसले.

"टॅफी?" डार्लीन आली. मला पाहून तिचा चेहरा उतरला. "मिस्टर वेंडेल, या ताडपत्रीखाली काय आहे?"

"रिकामं खोकं आहे गं. कुत्री दमली असेल, म्हणून बसली."

"ती दमत नाही. मीच दमते."

तिने ताडपत्री उचलली. आत पेटी होती, निळ्या रंगाची. चौकट बाहेर काढून तिने बॅटरी धरली. पोळ्यातल्या घरांच्या तळाशी सडून वाळलेल्या अळ्यांच्या काळ्या खपल्या चिकटल्या होत्या, काडीने उचकटल्या तरी निघेनात.

वेंडेल पायरीवर बसला. "ग्लेनाने पकडलेला हा शेवटचा थवा," तो म्हणाला. ग्लेना म्हणजे त्याची बायको, आदल्या वर्षी गेलेली. "आजारपणातसुद्धा शिडी लावून झाडावर चढली होती. मला कळलं होतं गं, पेटीत काहीतरी बिघडलंय. पण जाळायला हात होईना."

"मला सांगायचं नाही का?"

"तू काय केलं असतंस?"

"जाळलीच असती," डार्लीन हळूच म्हणाली. "पण तुमच्याबरोबर उभी राहून."

आणि तशीच उभी राहिली. दोघांनी मिळून खड्डा खणला. संध्याकाळी पेटी जळली. ज्वाळा विझेपर्यंत वेंडेलने टोपी हातात धरली होती. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि ते मला फार लागलं.

दाखला मिळाला नाही. बदामाच्या बागांकडे जाणारा ट्रक त्याच्या पेट्यांशिवाय गेला. पण डार्लीन येत राहिली. खात्याच्या प्रयोगशाळेत नमुने नेले, वसंतात उरलेल्या पेट्या निरोगी ठरवल्या, आणि माश्या कमी पडलेल्या एका कलिंगडवाल्याशी त्याची गाठ घालून दिली. घरापासून जवळच काम मिळालं. "बदाम गेले खड्ड्यात," वेंडेल म्हणाला, "इथे मी रात्री आपल्या पलंगावर झोपतो." आणि खिशात हात घालून त्याने मला चीज दिलं. पुढच्या हिवाळ्यात तर त्याने आपणहून डार्लीनला फोन केला, "त्या बाईसाहेबांना घेऊन ये. सगळीकडे फिरव, आडोशालासुद्धा."

आता मी निवृत्त झालेय. तोंड पांढरं झालंय, मागचे पाय कुरकुरतात. माझ्या जागी मॉस नावाचा तरुण कुत्रा आहे, उतावळा, पण शिकेल. मी डार्लीनच्या अंगणात उन्हात पडलेली असते. क्लोव्हरच्या फुलांवर कुणाकुणाच्या माश्या येतात, माझ्या नाकावरूनही फिरतात. मी हलत नाही.

उद्या मॉस तुमच्या पेटीसमोर बसला, तर त्याच्यावर रागावू नका. त्याला फक्त बसायला शिकवलंय. पुढचं तुम्हाला करायचं असतं, आणि तेव्हा एकटं राहू नका.