चौक कुणी केला?

चौथीपर्यंत एकच बाई सगळं शिकवायच्या. पाचवीत दर विषयाला नवे सर, नव्या बाई आल्या, पण सर्बियातल्या चाचाक गावच्या त्या शाळेत गृहपाठ मात्र आधीसारखाच आयांकडे राहिला. तंत्रशिक्षणाच्या रादोमिर सरांनी रहदारीच्या चौकाचं मॉडेल करायला सांगितलं आणि पालकांच्या ग्रुपवर धुमाकूळ सुरू झाला. ‘आम्ही’ थर्माकोल आणला. ‘आमचा’ सिग्नल पेटत नाही, वायरिंग कुणाला येतं? त्या ‘आम्ही’त पोर एकही नव्हतं.

नेवेनाने ते वाचून नाक मुरडलं आणि दुकानातला सगळ्यात चांगला पुठ्ठा आणला.

तिच्या मुलीने, इस्क्राने, आपला चौक केव्हाच केला होता. बुटांच्या खोक्याचा. रस्ता वाकडा, झेब्राचे पट्टे एकीकडे सात, दुसरीकडे चार, आणि सिग्नलचे खांब दमल्यासारखे कललेले.

“हे नेणार?”

“हो. मी केलंय.”

“बाळा, पाचवीतले पहिले गुण आहेत. सरांना एकदा तू पाचपैकी तीनवाली वाटलीस की आठवीपर्यंत तीनवालीच.”

“मग असेन तीनवाली.”

एवढं बेफिकीर राहायला हिला शिकवलं कुणी? रात्री नेवेना स्वतःच पुठ्ठा कापायला बसली. शनिवारी ती शाळेत मॉडेलांच्या प्रदर्शनाला लवकर गेली आणि स्वतः केलेलं मॉडेल, इस्क्राच्या नावाची चिठ्ठी लावून, बाकावर ठेवून आली.

शेजारी ग्रुपमधल्या झोरित्साच्या नवऱ्याचा चौक होता. इमारती बांधणारा माणूस तो, त्याने झाडांना पानंसुद्धा लावली होती. त्यांचा मुलगा वुकान स्वतःच्या चौकाकडे पाहुण्यासारखा बघत होता.

सर बाकांवरून पुढे सरकत होते. “वा, पाच. वा, पाच. इस्क्रा, पाच.”

“सर, हा आईचा आहे. माझा पिशवीत आहे.” इस्क्राने खोकं काढून बाकावर ठेवलं.

सगळ्या आया एकदम आपापल्या पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. सर वैतागले. “अगं, पाच लिहून झालेत.”

“ते आईला द्या.”

“मग तुला तीन मिळतील.”

“चालतील. पण माझे खांब का कलतात?”

सरांनी चष्मा वर केला, आजूबाजूला पाहिलं आणि नाइलाज झाल्यासारखे वाकले. “बुडाला चार उभ्या चिरा दे. चारी बाजूंनी उलगड, मग चिकटव. असं.” त्या दिवशी त्या शाळेत शिकवलं गेलं ते एवढंच. इस्क्रा गुडघ्यांवर बसून बघत होती. वुकानही येऊन तिच्याशेजारी बसला.

झोरित्साने नेवेनाला कोपराने ढोसलं. “काय गं पोरगी! बरं, तुझं मॉडेल आता मोकळंच झालं ना? आमची धाकटी पुढच्या वर्षी पाचवीत येतेय. देतेस?”

नेवेनाने आपल्या चौकाकडे पाहिलं. पट्टे दोन्हीकडे सहा, सरळ. सिग्नल पेटत होता.

“नाही देणार,” ती म्हणाली. “मला पाच मिळालेत.”