हसत दिलेली साक्ष

परक्या मुलखातून आलेल्या अशिलाशी कसं बोलावं, हे मॅडम कायद्याच्या शेवटच्या वर्षाला शिकवायच्या. घाई करू नका, नजरेला नजर दिली नाही म्हणून माणसाला खोटं ठरवू नका, असं बरंच काही. एक नियम मात्र काळ्या दगडावरची रेघ: अशिलाला कोर्टात हसू द्यायचं नाही.

या नियमामागे एक बाई होती, मॅडमचीच जुनी अशील. तिच्या नवऱ्याला गावातल्या लोकांनी कसं मारलं, ते तिनं साक्षीत हसतमुखानं सांगितलं. तिच्या मुलखात तसंच सांगतात. आपलं दुःख ऐकणाऱ्याच्या गळ्यात मारायचं नाही म्हणून. न्यायाधीशांना सगळं बनावट वाटलं. आसरा नाकारून बाईला तिच्या मुलखात परत पाठवलं आणि पुढे तिचा ठावठिकाणा लागला नाही. तेव्हापासून मॅडम फळ्याकडे वळल्या की पाठीमागे ती हसतेय असं वाटे. वळून पाहावं, तर पोरं मुकाट्यानं टिपणं काढत असायची. तरी जीव थाऱ्यावर येत नसे.

आता त्याच मुलखातली दुसरी बाई कॉलेजच्या मोफत सल्ला केंद्रात समोर बसली होती. तिचा मुलगा मारला गेला होता. इथं आसरा मिळाला नाही, तर मारणाऱ्यांच्याच गावात परत जावं लागणार होतं. सुनावणी उद्यावर आलेली.

साक्ष घेणारा विद्यार्थी पहिल्या दिवसापासून टाय लावून यायचा, म्हणून वर्गानं त्याला परस्पर ‘जजसाहेब’ करून टाकलं होतं. त्यानं तालीम सुरू केली.

“मावशी, मुलाला शेवटचं कुठं पाहिलंत?”

“दारात,” बाई हसून म्हणाली.

“हसायचं नाही हं. पुन्हा सांगा.”

बाईनं चेहरा सरळ केला. “दारात. तो...” आणि तिची वाचाच बसली. ओठ हलत होते, शब्द येईना.

“अजून एकदा घेऊ,” जजसाहेब म्हणाला.

“पुरे,” मॅडम म्हणाल्या. “आपणच तिचं तोंड बंद केलंय. बदलायचं तिनं नाही. समजावायचं न्यायाधीशांना, तेही पहिल्याच प्रश्नात.”

“पण मॅडम, तुमचाच नियम...”

“खड्ड्यात गेला नियम! मी इतकी वर्षं उलटं शिकवलं.”

कोर्टात जजसाहेबानं आधी विचारलं, “तुमच्याकडे दुःखाची गोष्ट कशी सांगतात?” बाईनं ते सांगितलं. मग मुलाचं सांगितलं, दारापासून पुरण्यापर्यंत, हसत हसत. न्यायाधीश लिहायचे थांबले आणि तिच्याकडे बघत राहिले. आसरा मंजूर झाला.

बाहेर आल्यावर जजसाहेबाच्या जिवात जीव आला. मॅडमनी बाईचा हात धरला. “आता इथंच राहायचं, कुणी पाठवणार नाही.”

बाईच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. “आता परत कुणाला सांगायचं नाही ना?”

“नाही. कुणालाच नाही.”

“मग आता तो मेला,” ती म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

मॅडम तिच्याशेजारी फरशीवर बसल्या. आधी रडू फुटलं ते त्यांनाच. परत पाठवलेल्या त्या बाईला असं कुठं बसायला मिळालं असेल का, हे आता कुणाला विचारणार?